वहिनीच्या पोटातलं आमचं बाळ

९ जानेवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

काल आम्ही दोघं डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. गर्भाशय काढलं तेव्हाच माझं आईपण संपलं, असं मी धरून चालले होते. पण स्त्रीबीजं शाबूत आहेत, त्यामुळे आमचं भ्रूण तुझ्या पोटात वाढू शकेल, असं त्या म्हणाल्या. नाकडोळे आमचेच येणार; ह्यांचं नाक आलं तर तुला दोष देता येणार नाही!

चौकशी मात्र त्यांनी तुझीच जास्त केली. दोन्ही बाळंतपणं सुखरूप झाली का, तुला आणखी मूल हवंय का, आणि मुख्य म्हणजे हे तू भिडेखातर तर करत नाहीस ना. म्हणून तुलाच विचारते. वहिनी, नुसती दादाची बायको म्हणून हो म्हणाली असशील, तर आत्ताच नाही म्हण. मी रुसणार नाही. तुझा वकील वेगळा, आमचा वेगळा, आणि करार झाल्याशिवाय औषधाची गोळीसुद्धा नाही, असं त्यांनी बजावलंय.

दादाला नमस्कार, पोरांना पापा. माया आहे तशीच राहू दे.

तुझी धाकटी नणंद

२१ जानेवारी

चि. वन्संना (वन्सं म्हटलं की चिडतेस, म्हणून मुद्दाम),
अ. उ. आ.

भिडेखातर मी तुझ्या दादाचं घोरणंसुद्धा सहन केलेलं नाही. समुपदेशक बाईंनी मला एकटीला बसवून विचारलं, की बाळ द्यावंसं वाटलं नाही तर काय कराल. मी म्हटलं, रडू येईल कदाचित, पण ते बाळ कुणाचं ह्याचा घोळ होणार नाही. दादा मात्र घाबरलाय, बाळासाठी नव्हे, माझ्यासाठी. दोन दिवस धुसफुसला, मग स्वतःच म्हणाला, की पोरांना आपण दोघांनी मिळून सांगू. सांगितलं. धाकट्या लेकीला एवढीच काळजी, की बाळाला स्वतःचं घर ओळखता येईल का.

एकच अट. बाळ तुमचं, पण पोट माझं. खाणं, पोहणं, उपचार, सगळ्यात शेवटचा शब्द माझा. तलावावर एवढ्या पोरांना तरंगायला शिकवते, मला माझं अंग चांगलं कळतं.

जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी वहिनी

३ जुलै

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

राहिलं! फोनवर मला नुसते हुंदके फुटले, म्हणून लिहिते. एप्रिलमध्ये पहिला प्रयत्न फसला, तेव्हा तू माझी माफी मागितलीस, ते मला फार लागलं होतं. तुझं काही चुकलं नव्हतं गं. ह्या वेळी दोन भ्रूणं ठेवा म्हणून मी हट्ट धरला, पण जुळ्यांचा धोका तुझ्या जिवाला, असं डॉक्टरीणबाईंनी सुनावलं आणि मी हट्ट सोडला.

आज दुकानात एकाच चष्म्याची काच तीनदा घासली. मालक म्हणाले, घरी जा. जिने सावकाश चढ. बरं, नाही सांगत!

तुझी लाडकी नणंद

१४ जानेवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या खाटेशी बसून बोलायला जीभ वळेना, म्हणून चिठ्ठी नर्सकडे देते. तुझा रक्तदाब उतरत नाही. बाळ थोडं आणखी आत राहिलं तर त्याला बरं, पण तुला धोका. काय करायचं, असं डॉक्टरांनी मला विचारलं. मी म्हटलं, हा प्रश्न माझा नाही, वहिनीला विचारा. पण तू मला विचारलंस तर ऐक: आधी तू. आमचं उरलेलं भ्रूणही टिकलं नाही, हे तुला माहीत आहे. तरीही आधी तू. ह्यांचंही हेच म्हणणं आहे.

धाकटी

२२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

काचेच्या पेटीतून सुटून तुझ्या लेकबाई घरी गेल्या, वजनही धरतायत, हे तुझं पत्र दादाने जिन्यातल्या सगळ्या शेजाऱ्यांना वाचून दाखवलं. शेजारणीने विचारलं, दुसऱ्याचं बाळ देताना काळीज तुटलं असेल ना? माझ्याआधी दादाच म्हणाला, आमच्या भाचीला हिने वाढवलंय, विचारायचं असेल तर कौतुकाने विचारा. ऐकून माझी मान ताठ झाली.

रक्तदाब आता ठीक आहे. दोन दिवस दूध दाटलं तेव्हा रडले, ते खरं. तेही तुला कळायला हवं.

तुझी चिठ्ठी वाचूनच मी डॉक्टरांना सांगितलं, आजच काढा. शस्त्रक्रियेच्या वेळी मी जागी होते, आणि तू माझ्या उशाशी. बाळ रडलं तेव्हा सगळे त्याच्याकडे वळले. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. पोहण्यात मी पदकं मिळवली आहेत, पण इतकं जिंकल्यासारखं मला कधीच वाटलं नव्हतं.

तिघांनाही आशीर्वाद, आणि आमच्यावरचं प्रेम उतू जाऊ दे.

तुझी वहिनी