दादाच्या जागी बेचाळीस किलोमीटर

५ ऑगस्ट
बायपासनंतर डॉक्टरांनी दादाचं पळणं कायमचं बंद केलं. मॅरेथॉनमधली त्याची जागा आता माझी. मीच शब्द दिला. कोचने सोळा आठवड्यांचं वेळापत्रक दिलंय. चांगलं आहे, पण सर्वसामान्यांसाठी. माझ्या प्रकृतीप्रमाणे थोडं बदलून घेईन.

१२ ऑगस्ट, सकाळी ६
कोच म्हणतो, बोलता येईल इतक्याच वेगाने पळा. दादाशी फोनवर बोलत बोलत चाललो. दादा म्हणाला, गाढवा, तुला धापसुद्धा लागत नाही! फार खूश झाला.

३० ऑगस्ट
चढाचा सराव. मी लिफ्ट दुरुस्त करणारा, म्हणजे मैदान कामावरच. अकरा मजले जिन्याने चढायचे होते. चौथ्यावर बिघाड सापडला, दाराचा स्विच. दुरुस्तीनंतर लिफ्ट चालवून पाहणं हे कर्तव्यच. उरलेले सात मजले त्यात गेले. दादाला अकरा सांगितले.

१८ सप्टेंबर
कोचच्या मते विश्रांती हाही सरावच. या आठवड्यात एकही दिवस सराव चुकवला नाही.

६ ऑक्टोबर
वहिनींचा फोन. दादा माझे किलोमीटर कपाटाच्या दारावर खडूने लिहितो. दोनशेच्या वर गेले म्हणे. वहिनी म्हणाल्या, भावजी, गोळ्या घ्यायला किती कटकट करायचे हे, आता आपणहून मागतात. खरा आकडा अगदी ओठांवर आला होता. पण पेशंटला धक्का देणं बरं नव्हे. उद्यापासून दुप्पट पळेन.

७ ऑक्टोबर
बूट ओले. दुप्पट पुढच्या सोमवारपासून.

२३ नोव्हेंबर
आजवरचा एकूण सराव, अगदी प्रामाणिकपणे, सदतीस किलोमीटर. उद्याची शर्यत बेचाळीसची. म्हणजे कमी पडतात फक्त पाच. ते जिद्दीवर निघतील.

२४ नोव्हेंबर, सकाळी ८.४०
सहाव्या किलोमीटरला पोटरी आखडली. शहाणा माणूस शरीराचं ऐकतो. बसने घरी आलो. दादाला कळवलं नाही. फिनिश लाइनच्या गर्दीत त्याला फोन ऐकू तरी कुठे जाणार.

दुपारी १.३०
वहिनींचा फोन. म्हणाल्या, भावजी, कुठवर आलात हो? हे नऊपासून फिनिश लाइनपाशी उभे आहेत. खुर्ची आणून दिली तर बसत नाहीत. बसलो आणि तेवढ्यात तो गेला तर, म्हणतात.
मी म्हणालो, पोचतोच.

संध्याकाळी
शर्यतीमुळे फिनिश लाइनकडे जाणाऱ्या बस बंद होत्या. घरापासून फिनिश लाइन तीन किलोमीटर. पळालो. कुठेही थांबलो नाही. पोचलो तेव्हा कमान उतरवून ट्रकमध्ये भरत होते. दादा रिकाम्या रस्त्याकडे डोळे लावून उभा होता, शेजारी छत्री धरून वहिनी. मी त्यांच्या पाठीमागून आलो.
वहिनींनी आधी पाहिलं. मग दादा वळला. माझ्या पायांत चपला होत्या. त्याने त्या पाहिल्या, मग बराच वेळ मला पाहिलं.
मी पोटरीचं सांगायला लागलो.
तो म्हणाला, राहू दे. हात दे जरा. आता उभं राहवत नाही मला.