पट्टा शेवटपर्यंत ओढून बघ

ता. ३ ऑगस्ट

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

कानाचं यंत्र लावतेस की डब्यातच ठेवतेस? फोनवर मी ओरडतो, तू भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतेस, आणि शेजारच्यांना वाटतं आपलं भांडण जुंपलंय. म्हणून पत्र.

इकडचं फारसं बरं नाही. हिची मूत्रपिंडं जवळजवळ थांबलीच. एक दिवसाआड रक्त शुद्ध करायच्या मशीनवर न्यावं लागतं, आणि ते मशीन शहरातल्या इस्पितळात. दोन बस बदलून जायचं. जाताना कसंतरी जमतं, येताना तिला उभं राहवत नाही. परवा थांब्यावरच्या बाकावर ती आडवी झाली, तर कंडक्टर म्हणाला, दारू प्यायलेल्यांना आम्ही घेत नाही. हिनं डोळे न उघडताच मला सांगितलं, त्यांना म्हणावं, मला इथं पाणीसुद्धा मोजून देतात.

डॉक्टरांनी बजावलंय, एकही फेरी चुकवू नका; अंगात पाणी साचतं आणि फुप्फुसात चढतं. तेव्हा जुनी का होईना, गाडी घ्यायचं ठरवलंय. तिला मागे आडवं होता यावं, डिकीत चाकाची खुर्ची मावावी, म्हणजे मोठी, डिकीवालीच हवी. मला चालवता येते, पारखता येत नाही. पाण्याच्या पंपावरचा माणूस मी. टाकीच्या भिंतीवरची रेघ वाचेन, इंजिन कसं वाचू? भावोजींच्या गॅरेजमागे तू संसार केलास. ते गेले, पण त्यांची नजर तुझ्याकडे राहिली असणार. काय काय बघू ते लिही.

हिचा नमस्कार. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


ता. ९ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

यंत्र लावते, पण त्यातून सगळ्या जगाच्या भांड्यांचा आवाज येतो, म्हणून काढून ठेवते.

भावजयीचं वाचून घास उतरला नाही. कंडक्टरला दिलेलं उत्तर मात्र मी इथं चौघींना सांगितलं.

आता ऐक. गाडी सकाळी बघायची, इंजिन थंड असताना. हात लावल्यावर गरम लागलं तर समजायचं, तू यायच्या आधी कुणीतरी खटपट करून ती चालू केलीय. टायर एका बाजूनं झिजलेत का बघ. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सीटचे पट्टे शेवटपर्यंत ओढून बघ. पुरात बुडालेली गाडी धुतात, घासतात, अत्तर मारतात, पण पट्ट्याचं आतलं टोक कुणी धूत नाही. तिथं चिखलाची रेघ राहते. असली गाडी आज पळते, उद्या पळते, आणि आतल्या वायरी कुजत कुजत एक दिवस भररस्त्यात जीव सोडते.

हे म्हणायचे, जुनी गाडी घेताना माणसाच्या तोंडाकडे बघूच नये. तुझं तर उलटं. लहानपणी बाजारातून किडकी वांगी घेऊन यायचास, का, तर विकणारी म्हातारी दमलेली होती. आईनं तुला किती फटके द्यायचे? इथं वांगी नाहीत रे बाबा. भिडस्तपणा घरी ठेवून जा.

भावजयीला जप. माझ्या शिव्यांतही आशीर्वादच असतात, ते ओळखून घे.

तुझी,
ताई


ता. २१ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गाडी घेतली. करड्या रंगाची, लांबलचक, आतून स्वच्छ. एका निवृत्त मोजणी अधिकाऱ्यांची होती. ते दोन महिन्यांपूर्वी गेले. बाई एकट्याच आहेत. खुंटीला त्यांची टोपी अजून तशीच होती.

तू सांगितलंस तसंच केलं. सकाळी गेलो. इंजिन थंडगार होतं, किल्ली फिरवली आणि लगेच सुरू झालं. टायर सारखे झिजलेले. पट्ट्यांपाशी आलो तेव्हा त्या बाई दारात आल्या. म्हणाल्या, भाऊ, सगळं नीट बघून घ्या हं, मला गाडीतलं काही कळत नाही, पण त्या पुराच्या वेळी हे... आणि त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांना म्हटलं, ताई, राहू द्या, जखम कशाला उकरता, मला काही ऐकायचं नाही. बाबा सांगायचे ना, ज्या घरात रडं आहे तिथली वस्तू उलटीपालटी करून बघू नये. त्या गेलेल्या माणसाचा पट्टा मला ओढवेना. हात मागे घेतला.

रागावू नकोस. गाडी उत्तम चालतेय. ही मागच्या सीटवर उशी घेऊन पडते आणि झाडांचे शेंडे बघते. मी रोज सकाळी गाडी पुसतो म्हणून तिनं गाडीचं नाव 'सवत' ठेवलंय. बऱ्याच दिवसांनी मी देवाला नुसताच नमस्कार केला, काही न मागता.

आम्हां तिघांवर, म्हणजे सवतीवरही, लोभ ठेव.

तुझा,
धाकटा


ता. २६ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

पूर? कसला पूर? तिचा नवरा पुरात गेला का? तूच लिहितोस की त्याला जाऊन दोन महिने झाले. तुमच्याकडे पूर येऊन गेला त्याला वर्ष झालं. अरे वेड्या, ती बाई नवऱ्याचं नव्हे, गाडीचं सांगत होती, आणि तू तिचं तोंड बंद केलंस!

हे पत्र वाचशील तसा ऊठ आणि मागचा पट्टा ओढ. माझं चुकलं असेल तर मला म्हातारी, बहिरी, काय हवं ते म्हण.

तुझी,
ताई


ता. ३१ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उठलो. ओढला. रेघ आहे. आमच्या टाकीच्या भिंतीवर असते तशीच, खाली करडी आणि कडेला तांबूस.

इथल्या मेकॅनिकला दाखवलं. तो म्हणाला, सगळ्या वायरी उघडाव्या लागतील, गाडी दोनेक आठवडे सोडावी लागेल. मी विचारलं, तोवर? तो म्हणाला, तोवर देवाचं नाव. तो थट्टेनं म्हणाला, माझं खरोखरच तेवढं उरलंय. बसनं हिला नेणं आता शक्य नाही. भाड्याची गाडी इस्पितळाचं नाव काढलं की परतीला थांबत नाही.

शेवटी हिलाच विचारलं. ती म्हणाली, चालतेय तोवर चालू दे की. सवत काय, मी काय, दोघी एकाच माळेचे मणी. उघडून ठेवलं तर पुन्हा जोडता येईल याची खात्री कोण देणार?

देवाकडे मी कधी वस्तू मागितली नव्हती. आज गाडी चालू राहू दे, एवढं मागितलं. मागताना लाज वाटली.

आशीर्वाद असू दे. आत्ता त्याची फार गरज आहे.

तुझा,
धाकटा


ता. ४ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

गाडी काढू नकोस. माझा थोरला त्याची गाडी घेऊन रविवारी तुझ्याकडे पोचतोय. तुमची गाडी दुरुस्त होईपर्यंत तिथंच राहील, तशी रजा काढलीय त्यानं. मध्ये शनिवारची एकच फेरी उरते. ती वाटेल ते करून भाड्यानं ने. एकच.

ताई


ता. ६ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू परत गेलीस आणि घर फार मोठं झालं. स्वयंपाकघरात तू डबे लावून गेलीस ते तसेच आहेत. मला भूक लागते, याचंच नवल वाटतं.

तू इथं होतीस तेव्हा घरात माणसं होती, आणि तुला काही सांगायचं म्हणजे ओरडून सांगावं लागलं असतं. ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. आता लिहितो.

तुझं पत्र शुक्रवारी पोचलं होतं. भाड्याची गाडी ठरवली होती. शनिवारी त्यानं येतो म्हणून सांगितलं आणि आला नाही. उन्हं वर आली, हिला धाप लागली, तेव्हा मी सवत बाहेर काढली. पुलापलीकडे, जिथं एकही घर नाही, तिथं समोरचे सगळे काटे एकदम खाली आले. इंजिन गप्प. काचासुद्धा खाली होईनात, म्हणून चारी दारं उघडली आणि हिला टेकवून बसवलं. मी रस्त्यावर हात करत होतो, गाड्या नुसत्या वळसा घालून जात होत्या. तिनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, अहो, तिच्यावर चिडू नका. माझ्यासारखंच झालंय तिला, पाणी साचलंय कुठंतरी आत. एवढं बोलून ती हसली, आणि तेवढ्या हसण्यालाही तिचा श्वास पुरला नाही.

भाजीच्या टेम्पोवाल्यानं थांबून आम्हांला घेतलं तोवर तिचे ओठ काळेनिळे पडले होते. पुढचं तुला ठाऊक आहे. रविवारी तुझा थोरला गाडी घेऊन वेळेवर आला, आणि त्याच गाडीतून आम्ही तिला शेवटचं घरी आणलं.

मेकॅनिकनं मागाहून एकच वायर बदलली. सवत पहिल्या किल्लीला सुरू झाली.

तू सांगितलंस, विकून टाक, डोळ्यांसमोर नको. काल एक गृहस्थ आले होते. त्यांच्या आईचे गुडघे गेलेत, तिला उपचारांना न्यायचं आहे. बरोबर बायको होती. गाडीभोवती फिरले, बॉनेट उघडून बघितलं, मग मागचं दार उघडलं. सीटवर हिची उशी होती. ती उचलायची माझ्याकडून राहिलीच होती. त्यांनी मला विचारलं, मी सांगितलं. बायकोनं त्यांची बाही ओढली. गृहस्थांनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, राहू द्या साहेब, तुमच्या अशा वेळी आम्ही काय तपासत बसायचं. माणूस बघितला, बास. घेतली गाडी.

आणि त्यांनी दारावरचा हात मागे घेतला.

ताई, तो हात मी ओळखला.

मी आत वाकलो आणि पट्टा ओढला. ही नेहमी आडवीच असायची, त्यामुळे तिनं तो कधी लावलाच नव्हता. शेवटपर्यंत ओढला आणि ती रेघ त्यांच्यासमोर धरली. काय आहे, कशानं होतं, रस्त्यात काय झालं, सगळं सांगितलं. त्यांनी रेघेवरून बोट फिरवून बघितलं. जाताना त्यांनी मला हात जोडले. बायको मात्र फाटकातून वळून म्हणाली, आता ही तुमच्याकडून कोण घेणार हो? मी म्हटलं, कुणी घेऊ नये.

भंगारवाला परवा येतोय. तू त्या बाईंना बोल लावू नकोस. त्या सांगत होत्या.

पट्टा पुन्हा आत जाईना. खूप वेळ प्रयत्न केला. मग हातानं गुंडाळून उशीजवळ ठेवला, आणि दार हळू लावलं, ती झोपलेली असायची तेव्हा लावायचो तसं.

पत्र पाठवत राहा. शिव्या घातल्यास तरी चालेल.

तुझा,
धाकटा