पाटीवरचं नाव

४ मार्च

सौ. वहिनीस, सा. न. वि. वि.

बाबांच्या कापडदुकानात नवी पाटी लागल्याचं दादाने कळवलं. ‘आगीपासून सुरक्षेची जबाबदारी’, आणि पुढे तुमचं नाव. अभिनंदन. घरात पहिली शिकलेली मी, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला मी, आणि बाबांना आठवलात तुम्ही! गॅसवर दूध ठेवून शेजारी गप्पा मारायला कोण जातं, हे ते विसरले वाटतं. ‘मला राग आला नाही’ असं लिहिलं होतं. खोटं होतं म्हणून खोडलं. दुकानाचं मागचं दार उघडं असतं ना?

लोभ असावा, पाटीवर जागा नसली तरी.
तुमची नणंद,
मुंगी

११ मार्च

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र इतकं तापलेलं होतं की शेजारी पाण्याची बादली ठेवून वाचलं. तुला का नेमलं नाही, हे मी बाबांना विचारलं. म्हणाले, ती झोपायच्या आधी चारदा गॅस बघते. दुकान गळ्यात बांधलं तर पोर डोळा मिटायची नाही. मी आडवी झाले की घोरते, म्हणून मान माझा!

मागच्या दाराला कुलूप असतं. पडद्यांचे तागे चोरीला गेल्यापासून किल्ली बाबांच्या कमरेला. दुपारी ते जेवायला घरी जातात, तेव्हा मी आणि शिवणाऱ्या बायका माळ्यावर असतो. पण पुढचं शटर आहेच की.

रुसवा सोड, माया ठेव.
तुझी वहिनी

१६ मार्च

सौ. वहिनीस, सा. न. वि. वि.

हेवा गेला नाही, पण त्याच्या जोडीला भीती आली. आग शटरकडूनच आली तर? कापड पेटायला वेळ लागत नाही, आणि किल्ली बाबांबरोबर घरी जेवत असेल. कायदा नुसती पाटी वाचून थांबत नाही. दुकान ज्याच्या ताब्यात, तो आधी जबाबदार. तुमचं नाव लावून बाबा सुटत नाहीत, तुम्ही मात्र अडकाल. माझी झोप जपायला त्यांनी तुमचा जीव कुलपात ठेवलाय! दाराला आतून हाताने उघडणारा अडसर बसवा, नाहीतर पाटी उतरवा. हे बाबांना वाचून दाखवा. चिडले तर माझ्यावर चिडू देत.

तरीही पाटीवर मी हवी होते असं वाटतं. लाज वाटते, पण वाटतं.

जपून राहा, एवढाच लोभ मागते.
मुंगी

२५ मार्च

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

बाबांनी ऐकलं, जेवायला निघाले, आणि अर्ध्या रस्त्यातून कमरेची किल्ली चाचपत परत आले. कुलूप काढलं, सुताराला बोलावलं. अडसर एका धक्क्यात उघडतो. सगळ्या बायकांनी उघडून पाहिला. माझ्या नावाच्या वर बाबांनी स्वतःचं नाव रंगवून घेतलं. खाली एक ओळ कोरी ठेवलीय. म्हणाले, परीक्षा झाली की मुंगीचं; पण रात्री झोपायचं कबूल केलं तरच.

आता तरी हस बाई.
तुझी वहिनी

३० मार्च

सौ. वहिनीस, सा. न. वि. वि.

बाबांना सांगा, पाटीवर नाव नव्हतं तेव्हाही मी कुठे झोपत होते? ओळ कुणाला देऊ नका. स्वतःलासुद्धा.

तुमचीच,
मुंगी