गोपनीय शिफारस

मॅडम, तुम्ही माझ्याविषयी लिहिलेलं पत्र मी गेल्या महिन्यात वाचलं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. पत्र त्याच्याही आधीचं. जिनिव्हातल्या ज्या संस्थेत मी आता काम करते, तिथं जुन्या फायली संगणकावर चढवायचं काम चाललंय. ज्याला आपली फाइल बघायची असेल त्यानं मागावी, असा निरोप आला होता. मी गंमत म्हणून मागितली. त्यांनी कधीकाळी नाकारलेला माझा पहिला अर्ज बघून जरा हसावं, एवढाच विचार. अर्जाखालीच तुमचं पत्र निघालं. सही ओळखून आधी आनंदच झाला. मी चहा करून घेतला आणि मग निवांत वाचायला बसले.

आबांनी मला आटपाडीहून एसटीनं सांगलीला तुमच्या दवाखान्यात आणलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. मेंढरं चुलत्याच्या हवाली करून आले होते ते. ‘आवं बाई, चार म्हैनं झालं, पोरगी भिताडाशी बोलतिया. गावात म्हनत्यात बांधून ठेवा. मला न्हाई जमायचं तसलं.’ तुम्ही त्यांना बाहेर बसायला सांगितलंत, खुर्ची माझ्याकडे ओढलीत आणि म्हणालात, ‘तुला काय झालंय असं तुला वाटतं?’ तोवर माझं काय ते सगळ्यांनी आबांना विचारलं होतं. मला विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. परतीच्या गाडीत मी आबांकडे पाणी मागितलं, चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलले, आणि आबा रडले.

बरी झाल्यावर तुम्हीच मला मनोरुग्णांसाठी काम करणाऱ्या तुमच्या संस्थेत घेतलंत. पलूसला गावोगावच्या आशा सेविकांच्या बैठकीत मी पहिल्यांदा बोलले, तो दिवस अजून अंगावर येतो. जवळच्याच गावातल्या एका बाईंची हकिकत मी रंगवून सांगितली. नवऱ्यानं कसं कोंडून ठेवलं होतं, वगैरे. त्या बाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. तुम्ही मला मध्येच थांबवलंत. ‘त्यांना विचारलं होतंस?’ ‘जिच्याबद्दल बोलायचं तिला विचारल्याशिवाय एक शब्दही बोलायचा नाही. आपलं सगळं काम म्हणजे एवढंच आहे.’ चाळीस बायकांसमोर माझे कान तापले होते. पण तुमचं ते वाक्य मी जन्मभर सांभाळलं. परिषदांमधून बोलले, आरोग्यमंत्र्यांसमोर बोलले, दर वेळी ‘माझ्या मॅडम म्हणायच्या’ असं आधी सांगून.

आणि सांगलीतल्या विश्रामबागेतल्या तुमच्या घरातलं स्वयंपाकघर. तुम्ही गवार निवडताय, मी फ्रिजला पाठ लावून भाषणाची तालीम करतेय. भिंतीशी बोलण्याच्या त्या चार महिन्यांपाशी आले की मी रडायला लागते. तुम्ही मान वर न करता म्हणता, ‘तिथं थांबू नकोस. रडलीस की ते टाळ्या वाजवतील आणि जेवायला जातील. कायद्यात काय बदलायचं ते सांग.’ मी पुन्हा सुरू करते. इंग्रजी तुम्ही तिथंच शिकवलंत, धोरणाचा मसुदा कसा वाचायचा तेही तिथंच. कुठल्या कलमात पळवाट आहे ते मी तुमच्या आधी शोधलं, तेव्हा तुम्ही केवढ्या खूश झाला होतात!

ती जिनिव्हाची जागा निघाली तेव्हा अर्ज कर असं तुम्हीच म्हणालात. आशियातल्या देशांनी मनोरुग्णांसाठी कायदे कसे करावेत, हे ठरवणाऱ्या गटात बसायचं होतं. तुमच्या ओळखीच्या शिंप्याकडून तुम्ही मला लोकरीचा कोट शिवून आणलात. खांद्यांत ढगळ झाला होता, तरी मी तो मुलाखतीला दिल्लीच्या उकाड्यात घालून गेले. नकार आला त्या दुपारी मी तडक तुमच्याकडे आले. तुम्ही थालीपीठ लावलंत, वर लोण्याचा गोळा ठेवलात. ‘त्यांना माणूस ओळखता येत नाही गं,’ म्हणालात आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिलात. तुमचं पत्र त्यांना पोचून तेव्हा तीन आठवडे झाले होते. आता मी तारखा जुळवून पाहिल्या.

पत्र इंग्रजीत आहे. मराठीत ते असं होतं: ‘ती स्वतःची हकिकत प्रभावीपणे सांगते. व्यासपीठावर तिचा उत्तम उपयोग होईल. मात्र निर्णयाच्या पदाचा ताण तिच्या प्रकृतीला झेपेल, असं तिची डॉक्टर म्हणून मी खात्रीनं सांगू शकत नाही.’ उपयोग, मॅडम? आणि डॉक्टर म्हणून? मी शिफारस मागितली होती ती जिच्या हाताखाली पाच वर्षं काम केलं त्या बाईंकडे. माझ्या आजाराचे कागद तुमच्या कपाटात होते म्हणून ते तुम्ही माझ्या पाठीमागे कुणाच्याही पुढ्यात टाकलेत? पुढची सहा वर्षं त्यांनी मला अगदी तुमच्या सांगण्याप्रमाणे वापरलं. बोलवायचे, सात मिनिटं हकिकत ऐकायचे, टाळ्या वाजवायचे. मग दार बंद करून ते निर्णय घ्यायला बसायचे आणि मी बाहेर कॉफी पीत उभी असायची. मला वाटायचं, माझंच कुठंतरी कमी पडतंय. तुम्हाला फोन करून मी तसं सांगायची. तुम्ही धीर द्यायचात. तुमच्या शोकसभेत सगळ्यांत जास्त मी रडले होते, हे आठवलं की आता लाज वाटते.

त्या दारातून मी अखेर आत गेले, ते तुमच्यानंतर, आणि तुमच्या शिफारशीवाचून. आज त्या टेबलाशी बसते. झेपतं मला.

मागच्या आठवड्यात पत्राची प्रत पर्समध्ये घालून आटपाडीला आले. आबा आता थकलेत, ओट्यावर बसून असतात. त्यांना सगळं सांगायचं असं ठरवून आले होते. मी कागद काढला तर ते म्हणाले, ‘कसला कागद हाय गं?’ मी म्हणाले, ‘ऑफिसचा.’ मग त्यांनी आपणहूनच तुमचा विषय काढला. ‘बाई न्हाई भेटल्या तर तू आज न्हवतीस, पोरी. लय उपकार झालं.’ मी ‘व्हय आबा’ म्हणाले आणि कागद घडी करून ठेवला. त्यांचं खरंच आहे. म्हणून तर तुमच्यावर नीट चिडताही येत नाही. परक्यानं लिहिलं असतं तर फाडून टाकलं असतं.

हे पत्र कुठं पाठवणार? तुमच्या मुलीचा पत्ता आहे माझ्याकडे, पण तिनं काय केलंय? माझ्याच बॅगेत राहील. आणि आता सगळा राग लिहून झालाय, तर एक गोष्ट राहिली आहे. मुलाखतीच्या त्या महिन्यात मी तुम्ही दिलेल्या रोजच्या गोळ्या बंद केल्या होत्या. त्यांच्यामुळे हात थरथरू नयेत, डोळ्यांवर झापड येऊ नये म्हणून. कुणालाच सांगितलं नव्हतं. तुमच्या लक्षात आलं होतं का, कोण जाणे. पत्रात तसं काही नाही. इथवर लिहिताना मी सारखी मनात म्हणत होते की तुम्ही मला एकदा समोर बसवून सरळ विचारायला हवं होतंत, मी खरं ते सांगितलं असतं. नसतं सांगितलं, मॅडम. तुमच्या डोळ्यांत बघून मी म्हणाले असते, ‘रोज घेते की.’