गप्प बसण्याला होकार धरू नये

मी, कमलाकर गोविंद सबनीस, वय वर्षे एकाहत्तर, राहणार हाउन्सलो, लंडन, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. यापूर्वीचे सर्व खर्डे रद्द समजावेत. डोकं ठिकाणावर आहे असं डॉक्टर म्हणतात. पण घराचं कलम मी तीनदा लिहिलं आणि तीनही वेळा निराळं लिहिलं, तेव्हा डॉक्टरांचं कितपत धरावं कळत नाही.

१. हॅदरली बिस्किट कारखान्यातली माझी मीटिंगची वही मुलगी पूर्वी हिला द्यावी. ती केंब्रिजला मॅनेजमेंट शिकवते. हॅदरली घराणं क्वेकर, म्हणजे पाद्री न ठेवता, शांत बसून प्रार्थना करणारे ख्रिस्ती. कारखान्याच्या मीटिंगही तशाच चालत. मतदान नाही. बोलणं झालं की अध्यक्ष तिथेच ठराव लिहून वाचत आणि थांबत. कुणी हरकत घेतली नाही की तो सर्वांचा. हल्लीच्या कंपन्यांनी हेच शिकायला हवं, असं पूर्वी वर्गात सांगते. असेलही. तीस वर्षं मला तिथे मान मिळाला, हे तर खरंच. मात्र वहीचं शेवटचं पान आधी वर्गातल्या मुलांना वाचून दाखवावं, मगच स्लाइड लावाव्यात.

२. ते पान १९९९ चं. कारखाना विकण्याचा ठराव होता आणि कामगारांच्या वतीने मी बसलो होतो. विकू नये असं माझं ठाम मत. पण अध्यक्ष थोरले मिस्टर हॅदरली, वय ऐंशी. चारचौघांत त्यांना नाही कसं म्हणायचं? मागाहून एकटे गाठून सांगू, म्हणून मान खाली घालून बसलो. आमच्याकडे एवढ्यावरून नाराजी कळते. संध्याकाळी सांगायला गेलो, तर ते माझ्याहून जास्त गोंधळले. म्हणाले, "पण मी तुमच्यासाठीच तर थांबलो होतो." दोन वर्षांत कारखाना बंद पडला. चूक त्यांची, माझी की त्या पद्धतीची, मला अजून उमगलेलं नाही. लाज मात्र माझीच आहे.

३. पॅकिंगमधला मित्र शशी तांबे कारखाना बंद पडल्यापासून माझ्याशी बोलत नाही. माझी कारखान्यातली खुर्ची त्याला ठेवणार होतो. वकील म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, आणि साक्षीदार मला शशीच हवा. म्हणून खुर्ची आजच त्याच्या गाडीत ठेवली. बोलावल्यावर आला, पण अजून तोंड उघडलेलं नाही.

४. घर. पहिल्या खर्ड्यात पूर्वी आणि मुलगा नकुल यांना निम्मं निम्मं. दुसऱ्यात सगळं नकुलला. तिसऱ्यात दोघांनी क्वेकरांसारखं शांत बसून एकमताने ठरवावं. हे तिन्ही आज पत्नी सुचेता हिला वाचून दाखवले. ती काही बोलली नाही. 'तिसऱ्यास पत्नीची संमती आहे' असं मी लिहायला घेतलं, तोच शशी पाच वर्षांत पहिल्यांदा बोलला.

"कमलाकर, वहिनींना विचारलंस का?"

मग विचारलं.

सुचेता म्हणाली, "घर माझ्या नावावर करा. मुलांचं पुढे मी बघेन. बेचाळीस वर्षं तुम्ही विचाराल म्हणून थांबले होते."

सबब घर सुचेताचे. हे कलम तिला मोठ्याने वाचून दाखवले, आणि ती हो म्हणेपर्यंत पेन खाली ठेवले होते. ती हो म्हणाली.

सही: कमलाकर गोविंद सबनीस

आमच्या दोघांच्या देखत सही झाली:
१. शशिकांत तांबे
२. नीना कर्णिक, शेजारी

हाउन्सलो, १४ ऑक्टोबर २००६