दोन विटांचं दार

२५ डिसेंबर, ऐरोली

ऑफिसच्या लोकांबरोबर नाताळचा केक आणि ब्लँकेटं वाटायला करंजाड्याला गेले. अर्धवट बिल्डिंगमध्ये कामगारांची बिऱ्हाडं. भिंती नाहीतच, म्हणून मी सरळ आत शिरले. चुलीपाशी बसलेली बाई म्हणाली, "ताई, तिकडून नाही, दारातून या." दार म्हणजे जमिनीवर ठेवलेल्या दोन विटा! मी मागे फिरले, चपला काढल्या, विटांमधून आत गेले. "आता बसा, चहा टाकते."

द्यायला मी गेले होते ना?

एवढा फ्लॅट माझा, भाग्यच म्हणायचं. पण आई गेल्यापासून इथे "ये" म्हणायला कुणी नाही. त्या दोन विटा डोक्यातून जात नाहीत. आज कुलूप काढण्याआधी उगाच बेल वाजवली. आणि थांबलेही.