हाताने टाकलेले चेंडू

९ एप्रिल

— मका राखेच्या पाण्यात उकळून झाला होता. टोपली नळाखाली धरून मी दाणे चोळत होते, सालं निघेपर्यंत. त्याआधी कोंबड्या सोडल्या होत्या, चूल झाडली होती. लायल मागच्या अंगणात लाकडं फोडत होता. घाव ऐकू येत होते. मग येईनासे झाले. मला वाटलं, दम खायला थांबला असेल! मी दाणे धूतच राहिले.

लायल गेला ती सकाळ आज पुन्हा डोळ्यांपुढे आली. वेस शाळेतून आला, दप्तर टाकलं आणि म्हणाला, "आई, मला लॅक्रॉसमध्ये गोलकीपर व्हायचंय."

सात वर्षांचं पोर. बाकीच्यांना पळायचं असतं, गोल मारायचे असतात. याला अंगावर चेंडू घ्यायचेत. बापासारखं.

"बरं," म्हटलं.

१२ एप्रिल

मर्ल येऊन गेला. लायलचा धाकटा भाऊ. छोट्या पोरांचा संघ तोच बघतो. वेससाठी हिकरीच्या लाकडाची, टोकाला जाळी असलेली काठी करून आणली होती. मी पुढे झाले नाही, वेसनेच घेतली. आमच्या लोकांत लाकडी काठी पुरुषांची, आम्ही बायका तिला हात लावत नाही. तो ती चुलीजवळ टेकवून ठेवतो, मी तिच्या कडेकडेने झाडून घेते.

मर्ल म्हणाला, "वहिनी, मी आठवडाभर शहरात लोखंडाच्या कामावर. रविवारीच सापडेन. मधल्या दिवसांत तूच बघ याच्याकडे."

"मी? मी काय बघू?"

"इतकी वर्षं दादाचा खेळ कठड्यावर बसून पाहिलास की! का नुसते शेंगदाणे खात होतीस?"

बऱ्याच दिवसांनी कोणी माझी थट्टा केली. चहाला थांब म्हणायचं राहिलंच.

१५ एप्रिल

वाचनालयातून गोलकीपिंगचं पुस्तक आणलं. माझी शाळा लवकर सुटली, वाचन मी नंतर घरीच शिकले, तेव्हा हळूहळू वाचते. पाय किती फाकवायचे, छाती कशी चेंडूसमोर आणायची, सगळं दिलंय. भीती कशी घालवायची ते कुठे दिसलं नाही.

१७ एप्रिल

गोठ्याच्या भिंतीवर खडूने गोल आखला. वेस पुढे उभा राहिला. मी हाताने चेंडू टाकले, आधी मऊ, मग खरे. कुंपणापलीकडून व्हर्ना ओरडली, "अगं बाई, जरा जपून! माझ्या कोंबड्या अंडी द्यायच्या बंद होतील!"

वेस हसला नाही. "आणखी टाक," म्हणाला.

२१ एप्रिल

पाऊस. काही नाही.

२४ एप्रिल

चांगलं अडवतो आता. हात वर गेला की त्याला आधीच कळतं, चेंडू कुठे येणार. आत जाताना विचारलं, "बाबाएवढं येतं का गं मला?"

"अजून नाही, राजा."

"किती राहिलंय?"

"खूप," म्हटलं. तर पुन्हा जाऊन भिंतीपुढे उभा राहिला.

३० एप्रिल

घरात लायलचं काही उरलेलं नाही. दहाव्या दिवसाच्या जेवणाला सगळं वाटून टाकलं, रीतच आहे. कोट एका भाच्याने नेला, बूट दुसऱ्याने. परवा दुकानात तो कोट पाठमोरा दिसला. मी पीठ न घेताच परत आले.

फार रडू नये म्हणतात, गेलेल्याची वाट अडते. नाही रडत. काम करते.

४ मे

आज वाईट झालं. माझ्यामुळे झालं.

मैदानावर पहिला सराव. पोरं काठीने चेंडू मारणार, आणि वेस बघतोय त्यांच्या हातांकडे! मी हाताने टाकत होते ना. चेंडू सुटतो काठीच्या टोकाच्या जाळीतून. हात इकडे, चेंडू तिकडे. एकामागून एक आत गेले. एक गळ्याखालच्या हाडावर बसला. गुडघ्यावर आलं पोर.

मर्ल ओरडला, "जाळीकडे बघ रे, जाळीकडे! हातांकडे काय बघतोस? कुणी शिकवलं तुला हे?"

वेसने काठी उचलली. मी जागची उठले नाही. सगळ्या आया कठड्यावर होत्या.

गाडीत बसल्यावर म्हणाला, "मी तुझं नाव नाही सांगितलं."

५ मे

हाड शाबूत आहे. नुसतं काळंनिळं. "सोडून दे हा नाद," म्हटलं. असा बघितला माझ्याकडे, जसं मी काही हिसकावून घेतलं!

१४ मे

रविवारी मर्लला सगळं सांगितलं. हसला नाही. डोकं खाजवत म्हणाला, "वहिनी, चूक माझी. तू काठी धरणार नाहीस हे मला कळायला नको होतं?" आता शहरातून रोज संध्याकाळी येतो. तो मारतो, वेस अडवतो. मी पायरीवर बसून "जाळी! जाळी!" ओरडते, आणि चेंडू गोळा करते.

१९ मे

पुन्हा तेच — "बाबाएवढं येतं का?" या वेळी मर्लला विचारलं. मर्ल म्हणाला, "जवळ आलास." पोराचा चेहरा उजळला, पण आनंद झालेल्या पोरासारखा नाही. काहीतरी ठरवलेल्या माणसासारखा.

मला झोप लागत नाही.

३१ मे

पहिला सामना. एका गोलने हरलो, पण वेसने काय अडवले! मर्ल कठड्यावरून उडी मारून आला. "वहिनी, दादा उभा होता गं, साक्षात दादा!" मी हसले. चक्क मोठ्याने.

घरी आल्यावर वेस पॅड काढेना. शिरस्त्राण मांडीवर घेऊन पायरीवर बसला, रस्त्याकडे बघत. अजून उजेड होता.

"सूप गार होतंय. काढ ते सगळं."

"नको. मला निघायचंय ना."

"कुठे?"

"वर. काकाच म्हणाला होता, बाबाला पुरलं तेव्हा. वरच्या संघाला गोलकीपर नव्हता, म्हणून बाबाला बोलावलं." मग अगदी समजुतीने, जसं मीच लहान आहे — "आता मला येतं, आई. मी उभा राहीन. ते बाबाला घरी सोडतील."

मर्ल म्हणाला होता खरा. वेसच्या डोक्यावर हात ठेवून. सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. मलाही बरं वाटलं होतं तेव्हा.

शेजारी बसून राहिले. तो पॅड घालूनच झोपला.

१ जून

सकाळी त्याच्या खाटेवर बसले आणि सांगितलं. बाबा मेला. त्याच्या जागी कोणीही गेलं, तू गेलास, मी गेले, तरी त्याला सोडणार नाहीत. दोनदा सांगितलं, कारण त्याने दोनदा विचारलं. मग मी त्याच्या पॅडचे पट्टे एकेक करून सोडले.